पाटीच्या आधी
(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘तू एवढी वर्षं मास्तरकी केली, तर शिक्षणावर बोल.’ शिक्षण हा विषय एवढा ऐसपैस आहे की त्यावर कोणी काहीही बोललं तरी चालून जातं. म्हणून मीच माझं वावर लहान करून घेतलं. आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात दोनच विषय चालतात, गुडघे आणि नातवंडं. गुडघ्यांसाठी आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत. मी नातवंडांवर बोलते, आणि त्यातही फक्त अडीच ते पाच वर्षांच्या. म्हणजे जी अजून घरात आहेत, आणि ज्यांना शाळेत कधी टाकायचं यावरून घरात दोन पार्ट्या पडलेल्या आहेत.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे मी कुठून बोलते हे कळेल. १९८७ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, २०२४ ला निवृत्त झाले. सेलू आणि देवळी तालुक्यातल्या चार गावांत शिकवलं, आणि त्यातली बहुतेक वर्षं माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. पहिली कोणी मागून घेत नाही. नवीन बाई रुजू झाली की तिच्या गळ्यात पहिली. मला मात्र तो वर्ग आवडला आणि मी तो सोडला नाही. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. उन्हाचा ताव पुरता उतरलेला नसतो, वावरात पेरणीची घाई असते, आणि त्या धांदलीत एखादी आई, नाहीतर चौथीतली मोठी बहीण, एक पोट्टं दारात आणून सोडते आणि मागे न पाहता निघून जाते. अशी किती पोट्टी मी हातात घेतली, मोजली नाहीत.

लोकांना वाटतं, पहिलीच्या बाईला अक्षरं येणारं मूल आवडतं. खरं सांगू? अक्षरं येतात की नाही याची मला कधी काळजी वाटली नाही. अक्षरं शिकवायला मी होतेच, त्याचाच पगार घेत होते. मी पहिल्या आठवड्यात दुसरंच पाहायची. नाव विचारल्यावर मूल बोलतं का. गोष्ट सांगायला लागले तर शेवटपर्यंत ऐकतं का. डबा स्वतः उघडतं का. तहान लागली तर सांगतं का. चार खडू आण म्हटलं तर चार आणतं का. आणि शेजारच्याची पेन्सिल हवी असेल तर मागतं की ओढतं. ज्याला एवढं येतं त्याला दिवाळीच्या आत वाचता येऊ लागलेलं मी कितीदा पाहिलं. आणि ज्याला एवढं येत नाही, त्याला बाराखडी पाठ असली तरी माझी दिवाळी कठीण जायची.

एका वर्षीची गोष्ट आठवते. रोजमजुरीवर जाणाऱ्या बाईचा मुलगा होता. त्याच्या घरी पुस्तक तर सोडा, कॅलेंडरही नव्हतं. पण तो आजीजवळ वाढलेला. आजी डोळ्यांनी अधू, त्यामुळे तो तिचे डोळे झालेला. वाटेनं कोण आलं, कोणाच्या बैलाला काय झालं, आभाळ कोणत्या बाजूनं भरून आलं, हे तो तिला दिवसभर सांगायचा. शाळेत आला तेव्हा त्याला ‘क’ आणि ‘फ’ यातला फरक माहीत नव्हता, पण बोलायला लागला की सगळा वर्ग गप्प. त्याला वाचायला शिकवणं म्हणजे भरलेल्या विहिरीतून पाणी काढणं होतं. त्या आजीनं त्याला काय शिकवलं, असं कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी कुठची शिकवणार, मीच अंगठेबहाद्दर.

आता माझ्या घरातली गोष्ट. आम्ही वर्ध्यात राहतो. मुलगा, सून, आम्ही दोघं आणि नात. सून बँकेत आहे, मुलगा खाजगी नोकरीत. नात तीन वर्षांची झाली आणि घरात नर्सरीचा विषय निघाला. चांगली म्हणतात अशी एक शाळा पाहायला चौघेही गेलो. तिथल्या बाईंनी पोरीसमोर एक पिवळं कार्ड धरलं आणि इंग्रजीत रंग विचारला. पोरीनं जरा विचार केला आणि सांगितलं, ‘हळद.’ मला तर तिला उचलून घ्यावंसं वाटलं. तिनं रंगाचं नाव नाही सांगितलं, रंग कुठे राहतो ते सांगितलं. पण बाईंच्या कागदावर तसा रकाना नव्हता. मग तिनं मला विचारलं, ‘आजी, ह्या बाई काहून लिहून राहिल्या?’ तेव्हा त्या बाई हसून मुलाला म्हणाल्या, घरी थोडं इंग्लिश सुरू करा, आणि भाषा जरा शुद्ध ठेवा.

शाळेत घेताना मुलाला किंवा आईबापांना चाळणी लावायची नाही, असं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात लिहिलेलं आहे. पण मी तिथे कायदा काढला नाही. अडचण त्या शाळेची नव्हती, अडचण घरी येऊन सुरू झाली. मुलगा तिला टोकू लागला. ‘काहून’ नाही, ‘का’ म्हण. ‘मले’ नाही, ‘मला’ म्हण. ‘करून राहिली’ नाही, ‘करते आहे’. त्याचा हेतू वाईट नव्हता. तो स्वतः पुण्याला शिकायला गेला तेव्हा ह्याच बोलीवरून त्याची टिंगल झाली होती, ते त्याच्या मनात राहिलेलं. पण चार दिवसांत पोर बोलायची थांबली. मान हलवून उत्तर देऊ लागली. सकाळी डोळे उघडल्यापासून जिची वटवट बंद होत नव्हती, ती काहीही विचारलं की आधी बापाकडे पाहायची. आजोबांना ती आबाजी म्हणते. आठ दिवस तिनं आबाजींना हाक नाही मारली, बाही ओढून बोलवायची.

३७ वर्षं मी अशी मुलं वर्गात पाहिली होती. गावाकडून आलेलं मूल पहिल्याच दिवशी बोलीत बोलतं, कोणीतरी हसतं, आणि मग ते मूल वर्षभर मुकं होतं. ते आता माझ्याच घरात, तीन वर्षांच्या पोरीला होत होतं. त्या रविवारी मी जेवणाच्या वेळी विषय काढला. मुलाला म्हटलं, ‘बापू, तुला शुद्ध मराठी येते, इंग्रजी येते, ते तू शाळेत आणि कॉलेजात शिकलास. पण बोलायला इथे शिकलास, ह्याच भाषेत. हिला आधी बोलू दे. शुद्ध कोणती आणि घरची कोणती हे हिला सातव्या-आठव्या वर्षी आपोआप कळेल, आणि दोन्ही बोलेल. आता तोंड मिटवलंस तर दोन्ही जातील.’ सून माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं नव्हतं, पण बोलली. म्हणाली, ‘आई, एक वर्ष तुम्ही घरी घ्या. पण मला रोज सांगा काय केलं ते. नाहीतर ऑफिसात सगळ्या विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.’

तर गेलं दीड वर्ष मी घरी काय करते, हे आता तुम्हालाही सांगते.

मी तिला शिकवायला बसत नाही. माझं काम चाललेलं असतं, त्यात तिला घेते. हा फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा येतात, त्या सोलायच्या. शेंग कुठून दाबली की उघडते हे सापडायला तिला दोन दिवस लागले. मग एका शेंगेत दाणे किती, हा तिचाच प्रश्न. चार असले की खूश, तीन असले की शेंगेवर नाराज. कीड लागलेला दाणा वेगळ्या वाटीत. दिवाळीनंतर गावाकडून कापसाची बोंडं आली की घरी एक टोपलीभर ठेवते. बोंडातून कापूस काढायचा, सरकी बाजूला करायची, बोटांनी तो मोकळा करायचा आणि तळहातावर वात वळायची. तिच्या वाती एक जाडजूड, एक दोऱ्यासारखी. देवाला चालतात. दिवा लागला की ती सांगते, ही माह्यी वात आहे.

यात काय शिकली, असं मुलानं मला विचारलं होतं. मी त्याला तिचा हात दाखवला. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा त्यातलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी मऊ कूर्चा. ती वर्षावर्षाला एकेक करून हाडं होत जातात आणि शेवटचं हाड तयार व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली जेमतेम दोन-चार हाडं सुरू झालेली असतात. त्या हातात पेन्सिल देऊन चौरेघी वहीचं पान भरायला लावलं, तर मूल मुठीत पेन्सिल आवळून खांद्यापासून जोर लावतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. पहिलीत आलेल्या कितीतरी मुलांची अशी पकड सोडवण्यात माझे महिने गेले आहेत. वात वळताना अंगठा आणि दोन बोटं जे काम करतात, तेच काम पुढे पेन्सिल करून घेणार आहे. आधी बोटं तयार होऊ द्या.

सेवाग्राम आपल्या अंगणात आहे, म्हणून गांधीजींची एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्यांचं अक्षर वाईट होतं. आत्मकथेत त्यांनी ते लिहून ठेवलं आहे आणि त्यावरून जे सुचवलं आहे ते फार मोलाचं आहे: मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं, अक्षर नंतर. मूल फूल पाहून फूल काढतं, पक्षी पाहून पक्षी काढतं, तसं अक्षर पाहून अक्षर काढेल, आणि मग ते वळणदार येईल. आमच्या ओसरीच्या फरशीवर खडूनं काय काय उमटतं ते एकदा पाहायला या. सध्या सगळं गोल आहे. आबाजी गोल, मांजर गोल, पाऊससुद्धा गोल.

मोजण्याचं असंच. मुलांना एक ते शंभर म्हणता येतात आणि घरी पाहुणे आले की ते म्हणून दाखवायला लावतात. ते गाणं आहे. गाणं म्हणून चांगलंच आहे, पण ते मोजणं नाही. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलाला चार चमचे आण म्हटलं की ते मूठभर आणतं, हे मी वर्गात दरवर्षी पाहिलं. आमच्या घरी ताटं मांडायचं काम नातीचं. आबाजींचं एक, आजीचं एक, बाबाचं, आईचं, माझं. सुरुवातीला ती संख्या म्हणत नव्हती, माणसं म्हणत होती. एका माणसाला एक ताट. दोन महिन्यांनी एकदा माझी बहीण आली, तर पोरीनं पाच ताटं मांडली, पाहिलं, आणि म्हणाली, मावशीआजीचं एक नाही, अजून एक पाहिजे. त्या दिवशी तिला पाचात एक मिळवता आला. पाटीवर पाच अधिक एक लिहायला तिला अजून दोन वर्षं आहेत.

पवनारच्या विनोबांनी आपल्या आईबद्दल सांगितलेली एक आठवण आहे. आईनं देवाला लाख तांदूळ वाहायचं व्रत घेतलं होतं आणि ती एकेक दाणा मोजून वेगळा करायची. वडील हिशेबी. म्हणाले, एक तोळा तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, वर अर्धा तोळा जास्त टाक. आईला उत्तर सुचेना, तिनं लहान विन्याला विचारलं. तो म्हणाला, हे गणित नाही, दाण्यागणिक देवाचं नाव येतं ते महत्त्वाचं. गोष्ट भक्तीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशीच आहे. मला मात्र त्यात दुसरंही दिसतं. ते घर डोळ्यांपुढे आणा. आई दाणे मोजते आहे, बाप वजन आणि त्रैराशिक सांगतो आहे, आणि त्या दोघांच्या मधे एक मूल बसलेलं आहे, ज्याला त्याचं मत विचारलं जातं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या घरात मुलाला जेवायला मिळत नसे. विनोबा पुढे गणितावर एवढं प्रेम का करत, हे मला त्या घरावरून कळतं.

आता थोडा इतिहास, पण लवकर आटोपते. सरांना वाटेल विद्यार्थिनीनं काही वाचलंच नाही.

किंडरगार्टन हा शब्द ज्यानं काढला तो जर्मनीतला फ्रोबेल. १८३७ मध्ये त्यानं लहान मुलांसाठी आपलं काम सुरू केलं, आणि तीनेक वर्षांनी त्याला हे नाव दिलं, मुलांची बाग. पण त्याच माणसानं १८४४ मध्ये आयांसाठी गाण्यांचं आणि बोटांच्या खेळांचं एक पुस्तक काढलं, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणजे बाग काढणाऱ्यालाही माहीत होतं की रोप आधी घरात उगवतं. आपल्या आज्या बाळाच्या तळहातावर बोट फिरवून जे खेळ खेळत होत्या, त्यांना फ्रोबेल वाचायची गरज नव्हती.

फ्रोबेलनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, आपल्या वर्ध्यात मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. तिथून नई तालीम निघाली. झाकीर हुसेन समितीनं जो आराखडा केला तो सात ते चौदा वर्षांच्या मुलांचा होता. त्याआधीच्या मुलाचं काय, हा प्रश्न तेव्हा बाजूला राहिला. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी तो स्वतःच पुढे आणला. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला परिषद झाली आणि नई तालीम जन्मापासून मरणापर्यंतची ठरली. सातच्या आतल्या मुलांच्या शिक्षणाला पूर्व-बुनियादी असं नाव पडलं. सेवाग्रामात ते काम शांताबाई नारुळकरांनी उभं केलं. त्यात मूल एकटं नाही. त्याची आई, त्याचं घर, घरातला संडास, विहिरीचं पाणी, जेवणातली भाजी, सगळं त्या शिक्षणाचा भाग. मुलाला शिकवायचं तर त्याच्या घराला बरोबर घेऊन, ही त्यातली मुख्य कल्पना. ती कल्पना आपल्या गावापासून एसटीच्या एका तिकिटावर जन्मली आणि आपण नर्सरीचं माहितीपत्रक नागपूरहून मागवतो.

त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. ताराबाईंचा संसार काही वर्षं आपल्या शेजारी अमरावतीत झालेला. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. मॉन्टेसरीची साधनं महागडी, खेड्याला परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं यांची साधनं केली. आणि मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि त्या शब्दाला सगळ्या देशात जागा मिळाली. शब्द राहिला, अंगण थोडं कमी झालं. आजची अंगणवाडी सेविका पोरांना गाणं शिकवायला उभी राहते, तेवढ्यात तिला मोबाइलवर वजन, उंची, आहाराची नोंद भरायची असते. माझ्या शाळांना लागून असलेल्या अंगणवाड्यांत मी अशा बाया पाहिल्या आहेत की ज्यांच्यापुढे मी हात जोडावेत, आणि त्यांचा अर्धा दिवस रजिस्टरात जातो.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं तेव्हा मी नोकरीत होते. त्यात तीन ते आठ हा एकच टप्पा धरला आहे, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून. खेळातून शिकवा, घरच्या भाषेत शिकवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रशिक्षणात ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या शेजारची तरुण शिक्षिका म्हणाली, मॅडम, हे तर नवीनच आहे. मी तिला पुढच्या रविवारी सेवाग्रामला घेऊन गेले. तिथे नई तालीम समितीची आनंद निकेतन शाळा २००५ पासून पुन्हा चालू आहे. पोरं बागेत काम करत होती. ती बराच वेळ पाहत राहिली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर माझं सगळं बोलणं पेन्शनवाल्यांचं होऊन जाईल. मी घरी आहे, मला वेळ आहे, तब्येत बरी आहे, म्हणून नात घरी शिकते. आपल्यातल्या किती जणांची मुलं पुण्या-बंगळूरला दोन खोल्यांत राहतात, सकाळी आठला कुलूप लावून निघतात. त्यांनी नर्सरी किंवा पाळणाघर निवडलं तर तो गुन्हा नाही. आणि जी आई पहाटे उठून निंदणाला जाते, तिला मी सांगू का की मुलाबरोबर तुरीच्या शेंगा सोल? ती शेंगा सोलतेच आहे, दुसऱ्यांच्या. तिच्या मुलाला चांगली अंगणवाडीच हवी, आणि ती गावात नीट चालते की नाही हे पाहायला आपल्यासारख्यांनी ग्रामसभेत तोंड उघडलं पाहिजे.

ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनाही मार्ग आहे. माझी सून रात्री आठला येते. तिनं वीस मिनिटं ठरवून घेतली आहेत. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. पोळ्या करताना पोरीला एक गोळा देते. पोर लाटते आणि दिवसभराचं सांगते. सून मधे फक्त ‘मग?’ म्हणते. ह्या ‘मग’नं पोरीची वाक्यं लांब झाली. आधी सांगायची, ‘मांजर आली.’ आता सांगते, ‘मांजर आली, पण आबाजी झोपून राहिले होते म्हणून तिला कोणी हाकललंच नाही, तर तिनं दूध पिऊन घेतलं.’ पण, म्हणून, तर. पहिलीच्या पुस्तकात हे शब्द येतात तेव्हा अर्धा वर्ग अडखळतो, हे पहिली शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

आवाजाचे खेळ तेवढे मी मुद्दाम खेळते, कारण वाचनाचा पाया तिथे आहे. अक्षर दाखवायचं नाही, फक्त ऐकायचं. ‘क’नं सुरू होणारी स्वयंपाकघरातली वस्तू सांग. कढई, कप, कांदा. एकदा ती म्हणाली, ‘काकडी दोनदा येते.’ मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, काकडीत ‘क’ दोनदा आहे. हे ज्या मुलाच्या कानाला कळलं त्याला अक्षर फक्त ओळख करून द्यायचं उरतं.

मोबाइलवर मी भाषण देणार नाही. मुलाला मोबाइल दिला की आपल्याला शांतता मिळते, हे खरं आहे आणि म्हणूनच तो दिला जातो. आमच्याकडेही आजारी पडली की एखादं गाणं लागतं. एवढंच की मोबाइल तिला ‘मग?’ असं विचारत नाही.

मुलगा पूर्ण पटला आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या मित्राचा मुलगा ह्याच वयाचा, तो इंग्रजीत आठवड्याचे वार म्हणतो, आणि तसा व्हिडिओ आला की आमच्याकडे संध्याकाळी जरा शांतता असते. मागच्या महिन्यात तो तिच्यासाठी इंग्रजी अक्षरांची वही घेऊन आला. मी काही बोलले नाही. पोरीनं ती उघडली, बोटानं अक्षरांवरून हात फिरवला, एका अक्षराजवळ थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, हे आपल्या शिडीवानी दिसते.’ ते ‘एच’ होतं. मुलगा हसला. मग दोघं घरभर ‘एच’ शोधत फिरले. खिडकीत एक सापडला, खुर्चीच्या पाठीत एक. वही कपाटावर आहे. काढावी लागली तर काढू.

आणि बोलीचं म्हणाल तर, तो आता तिला टोकत नाही. कधी कधी तिच्याशी बोलता बोलता तोच ‘काहून’ म्हणून जातो, आणि सून माझ्याकडे पाहते.

येत्या जूनमध्ये ती केजीत जाईल. घरापासून पायी दहा मिनिटांवरची शाळा आहे. बाई मराठी बोलतात, इंग्रजीही शिकवतात, आणि मैदानात माती आहे. प्रवेशाचा अर्ज सुनेनं भरला. त्यात ‘पाल्याला येणाऱ्या गोष्टी’ असा रकाना होता, दोन ओळींचा. सुनेला जागा पुरली नाही, तिनं मागच्या बाजूला लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

जेवणाची वेळ झाली, संयोजक घड्याळ दाखवून राहिले आहेत. नात आज इथे आली आहे, त्या तिकडे आबाजींजवळ बसली आहे. सरांच्या पंगतीला पत्रावळी मांडायला मी तिला सांगितलं आहे. सर, एखादी कमी पडली तर आवाज देऊ नका, थोडं थांबा. तिचं तिला दिसेल.